गंज

आधी चुंबक लावायचं, मग बोलायचं.
अकीलभाईंनी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं.
स्पीकरमधलं काळं चाक सुतळीला बांधून हातात दिलं.
चिकटलं ते स्वस्त.
ज्याला चुंबक सोडून देतं, त्याच्याकडे नीट पाहायचं.

सकाळी आठला नागपूरहून फोन येतो,
मी पाटीवर खडूनं लिहितो :
लोखंड सव्वीस, पत्रा एकोणीस, बीड अठ्ठावीस,
जर्मल एकशे चाळीस, पितळ साडेचारशे,
तांब्याचे भाव दोन, सोललेलं आणि जळकं.
वायर जाळू नका, सोलून आणा, किलोमागं चाळीस जास्त,
हे रोज सांगतो,
आणि रोज सांजेला नाल्याकडून
काळा, गोडसर धूर येतो.

दारव्हा रोडवरच्या आमच्या टिनाच्या शेडपुढे
काल ऑटो थांबला. पंचफुलाबाई उतरल्या.
शाळेचा पट चारवर आला,
ती चार लेकरं फाट्यावरच्या शाळेत नेली,
आता खिचडी कोणासाठी?
समितीचा ठराव, शिक्का, सही, सगळं पदराच्या गाठीत.
सात बाकांचे पाय, एक झारा, दोन गंज.

पुस्तकात गंज म्हणजे जंग.
आमच्याकडे गंज म्हणजे भांडं, भात शिजवायचं,
आणि गंज म्हणजे लय, पुष्कळ.
पंचफुलाबाईंच्या गंजाला गंज नव्हता, जर्मलला तो धरत नाही.
"गंज लेकरं जेवले यात," त्या म्हणाल्या,
आणि काट्याकडे पाहत राहिल्या.

"लोखंड सव्वीस? मांगच्या बाजाराले तं तीस होतं."
"भाव पडला, मावशी."
"कोनं पाडला?"
"नागपूरनं."
"नागपूरले कोनं सांगतलं?"
"जालन्याच्या भट्ट्या कमी घेऊन रायल्या."
"त्या काहून?"
"बाहेरून जहाजानं माल आला म्हन्ते."
त्यांनी थोडा वेळ विचार केला.
"मंग माह्या बाकाच्या पायाचा भाव
समुद्रातला मानूस ठरवते.
त्यानं बाक पायला का?"

गंजाच्या काजळीचे मी पाऊण किलो वजा धरले.
त्या काही बोलल्या नाहीत.
शेडच्या सावलीत बसून विटेच्या तुकड्यानं
तासभर बुड घासलं,
मग उठून म्हणाल्या, "आता मोज."
दोनशे ग्राम गेलं होतं फक्त.
अकीलभाई आतून हसले.
बाकीचे साडेपाचशे ग्राम मी मुकाट्यानं परत जोडले.

मग त्यांनी पोत्यातून शेवटची वस्तू काढली.
चुंबक माझ्या हातातून उडी मारून तिला चिकटलं.
हातभर रूळ, वरच्या बाजूला भोक, भोकात तार :
शकुंतलेचा तुकडा,
शाळेच्या लिंबाला टांगलेली आमची घंटा.
तिसरीत असताना एक महिना ती माझ्या ताब्यात होती.
मधोमध, ठोकून ठोकून, बोटभर खड्डा पडलाय.

ठरावात तिचं नाव नव्हतं.
भिंतीवर अकीलभाईंनी लाल रंगात लिहून ठेवलंय :
रूळ, विजेची तार, देवळाची घंटा
घेणार नाही. विचारू नये.
"बारा किलो भरन," पंचफुलाबाई म्हणाल्या,
"धा रुपयानं घे."
"नाई जमत."
"पाच."
"मावशी, फुकटबी नाई."

पैसे त्यांनी दोनदा मोजले,
एक नोट फाटकी निघाली, ती बदलून घेतली.
रूळ मांडीवर घेऊन बसल्या ऑटोत,
जशा दवाखान्यात नेताना एखादं लेकरू घेऊन बसतात,
आणि ऑटो निघाला.

मी पाटीवरचा पत्र्याचा भाव पुसत होतो,
नवा फोन आला होता, एक रुपया अजून कमी.
पुलाजवळच्या गतिरोधकावर ऑटो आदळला असावा.
रूळ कशाला तरी लागला.
ठण्ण.

आणि मी, दुपारचे साडेतीन वाजलेले,
जेवण कधीच झालेलं,
हात धुवायला उठलो.